बुधरीचं मत

(जिवतीच्या डोंगरातलं एक गाव. शाळा सुटल्यावर इंदुताई मॅडम सातवीतल्या बुधरीच्या घरी आल्या आहेत. बुधरीचा बाप मुखरू त्यांच्यासमोर अंगणात बसला आहे.)

मुखरू : शून्य? एकबी नाई?

इंदुताई : एकही नाही, मुखरूभाऊ. शाळेच्या मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत बुधरी उभी होती. अठ्ठावीस पोरं, अठ्ठावीस चिठ्ठ्या. सगळ्यांवर सरपंचाच्या राजदीपचं नाव.

मुखरू : पण हिचं सोताचं मत तं असंल ना?

इंदुताई : तेच विचारायला आले. बुधरी, बाहेर ये बेटा.

बुधरी : मी भांडे घासून राह्यली, मॅडम.

इंदुताई : राहू दे ते. इकडे बस. स्वतःलाही मत नाही दिलंस?

बुधरी : नाई.

इंदुताई : आणि त्या तुझ्या सात मैत्रिणी? माझ्यासमोर बोलल्या होत्या, बुधरीलाच देऊ म्हणून.

बुधरी : मीच मना केलं त्याइले. मधल्या सुट्टीत.

मुखरू : इमानदारीनं सांगतो मॅडम, मी हिले काई बोललो नाई. पोट्टी उभी होती, हेच मले आत्ता मालूम पडलं.

इंदुताई : राजदीपनं धमकावलं का तुला?

बुधरी : नाई जी. तो काऊन धमकावल? तो तं म्हणे, तूच हो, मले भाषण देता येत नाई.

इंदुताई : मग झालं काय? मुलींच्या संडासात पाणी आणीन म्हणाली होतीस. किती छान बोललीस!

बुधरी : मागच्या साली बा पण छानच बोलला होता, मॅडम. ग्रामसभेत. म्हणे, नवीन बोअरिंग सरपंचाच्याच गल्लीत काऊन? मी मागं बसली होती. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. मले लय भारी वाटलं.

मुखरू : जाऊ दे ना ते.

बुधरी : मंग घरकुलाची यादी लागली. आमचं नाव कटलं. टाळ्यावाले कोणी आले नाई. बा मले घेऊन सरपंचाच्या, देवरावकाकाच्या घरी गेला. सरपंच खुर्चीवर, बा खाली. हात जोडून म्हणला, माही चुकी झाली.

मुखरू : तू तं बाहेर खेळत होती!

बुधरी : दारापाशी होती.

इंदुताई : पण चिठ्ठी गुप्त होती ना गं. कोणी कोणाला दिलं, कोणालाच कळलं नसतं.

बुधरी : आन् जितली असती तं? नाव तं मोठ्यानं वाचलं असतं ना तुमी.

इंदुताई : मग उभी तरी कशाला राहिलीस?

बुधरी : तुमी सांगतलं म्हणून. नाई म्हणलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं.

इंदुताई : बुधरी, माझा आजा वेठीला जायचा. पहिल्यांदा मत द्यायला गेला, तेव्हा धुतलेलं धोतर नेसून गेला. म्हणाला, आज मालकाचं आन् माझं वजन सारखं. दोन महिने मी वर्गात हेच शिकवलं ना?

बुधरी : हो मॅडम. पेपरात आलं तं मी तेच लिहीन. पाठ हाये मले.

मुखरू : मी हिले तिथी न्यालेच नोको होतं.

बुधरी : नेलं नसतं तरी नाव तं कटलंच होतं, बा.

इंदुताई : मी परत घेते निवडणूक. उद्याच.

मुखरू : नोका घेऊ, मॅडम. हात जोडतो. या महिन्यात परत यादी लागून राह्यली. मागच्या पावसात ताडपत्रीखाली काढले चार महिने. आन् तुमी बाहेरगावच्या. देवरावभाऊचा शब्द वरपर्यंत चालते.

इंदुताई : हे तिच्यासमोर बोलू नका, भाऊ.

मुखरू : तिले काय सांगाचं राह्यलं आता?

बुधरी : मॅडम, उद्या राजदीपचा सत्कार हाये. देवरावकाका येणार. मोठ्या सरानं मले स्वागतगीत म्हणाले सांगतलं.

इंदुताई : तू म्हणणार?

बुधरी : हो. सर म्हणले, पेटी इंदुताई मॅडमच वाजवतीन.

इंदुताई : मला कोणी विचारलं नाही.

मुखरू : वाजवून द्या, मॅडम.

बुधरी : पेटीची पट्टी काळी दोन धरजा, मॅडम. काळी चारमधी माहा आवाज फाटते.