कोलन, डब्ल्यू, क्यू

...हसू नका हो, हसण्यासारखं काही नाही त्यात! तुम्हाला सांगतो, वीस वर्षं मी ज्याला-त्याला हेच ऐकवत आलो, की एडिटर बघावा आणि माणूस ओळखावा! एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं साधन. माझा कसा? काळा पडदा, माऊस नाही, मेनू नाही, सगळं बोटांवर. फाईल जतन करून बंद करायची? कोलन, डब्ल्यू, क्यू... खलास! झोपेत विचारा, बोटं हलतील. आणि साध्या नोटपॅडवाल्यांना मी काय म्हणायचो? पाटी-पेन्सिलवाले! तेही तोंडावर!

तर परवा मुलाखती होत्या. सकाळी घाईघाईत मुलाखतीच्या खोलीतल्याच संगणकावर मी चाचणीचा प्रोग्रॅम लिहिला, त्यात मुद्दाम एक चूक पेरली. उमेदवारानं ती शोधायची. पहिला आला. "सर, हा चालतच नाहीये." म्हटलं, "चालत नाही, की चालवता येत नाही?" दुसरा आला. "सर, यात काहीतरी जास्तीचं..." मी त्यानं उघडलेल्या एडिटरकडे पाहिलं. रंगीबेरंगी, जिकडेतिकडे मेनू! म्हटलं, "या आता." एडिटर बघावा आणि माणूस ओळखावा!

तिसऱ्या एक बाई. चाळिशीच्या, मुलं मोठी झाली म्हणून पुन्हा नोकरीला निघालेल्या. पर्समधून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि उघडलं काय? नोटपॅड! मी शेजारी बसलेल्या आमच्या साहेबांना कोपरानं ढोसलं, फॉर्मवर 'नको' लिहूनसुद्धा टाकलं. पाच मिनिटांत बाई म्हणतात, "सर, तुम्ही पेरलेली चूक सतराव्या ओळीत आहे. पण अगदी शेवटी हे कोलन, डब्ल्यू, क्यू कशासाठी?"

आता सांगा, अशा वेळी धरणी पोटात घेते का? नाही घेत! अहो, त्या संगणकावर माझा एडिटर नव्हताच. सकाळी मी नोटपॅडमध्येच लिहिलं होतं... मी! आणि लिहून झाल्यावर बोटांनी सवयीनं ती तीन अक्षरं बडवली. तिथे कोण ऐकतंय? ती मुकाट फाईलमध्ये उमटली. बंद करताना संगणकानं 'जतन करू?' विचारलं, न बघता हो म्हटलं, गेलो चहाला. त्या अक्षरांपायी प्रोग्रॅम अडला होता, आणि दोघांना मी घरी पाठवलं होतं!

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"तोही... सापळाच." जीभ रेटली माझी, काय सांगू!

बाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. नोकरी त्यांनाच मिळाली. जिन्यात हळूच म्हणाल्या, "सर, आधीच्या दोघांचं काय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे सगळं ओकलो. साहेब खो खो हसले. "काय तो विनय! तुमच्यासारखा माणूस असली चूक करेल होय? एडिटर बघावा आणि माणूस ओळखावा, तुम्हीच शिकवलंत ना?"

"अहो पण साहेब, खरंच..."

"पुरे हो! सापळा झकास होता. कायम ठेवा."

मग मीच फोन लावले. पहिल्यानं आवाज ओळखला आणि फोन ठेवला. दुसऱ्याला म्हटलं, "बाबा रे, चूक माझी होती, माफ कर, पुन्हा ये." तर म्हणतो कसा, "लाजवू नका सर, तुमचंच बरोबर होतं. मी क्लास लावलाय, तुमचाच एडिटर शिकतोय. तो येईपर्यंत कुठे अर्जच करायचा नाही, ठरवलंय."

"किती दिवसांचा क्लास?"

"सहा महिने, सर."

मी म्हटलं, "मन लावून शिक."