किडनी आमच्या हिची

…आणि वर ती सिस्टर मलाच शिकवते! ‘काका, पालथे झोपा, किडनी पाठीला असते.’ अगं, असंल तुजी! माज्या पाठीला दोन हायेत, पण वाळून खारका झाल्यात! चालू किडनी पुढं, पोटात, उजव्या बाजूला… आणि ती माजी नाय, आमच्या हिची हाय!

तुमाला सांगतो, माज्या दोन्ही बसल्या तेव्हा सख्खा भाऊ कृष्णकांत म्हनाला, ‘दिली असती रे विश्राम, पन मला शुगर हाय!’ कवापासून? तर त्या दिवसापासून! आणि आमची दमयंती पाम गावच्या वाडीत चिकूला पानी लावत होती, तिनं चिखलाचे हात पदराला पुसले नि म्हनाली, ‘अवो, माजी घ्या. दोन हायेत.’ शेजारनीला पातेलं द्यावं तशी दिली हो! आणि मग जन्मभर… ‘पानी प्यायलात? ते सुके बोंबील ठेवा खाली! माज्या किडनीला तरास देऊ नका!’ ठेवायचो खाली! किडनी माजी नाय!

मग ही गेली. हार्टनं. बसल्या जागी. किडनी तेवढी ऱ्हायली.

आणि आता रिपोर्ट बिघडला! पालघरच्या डॉक्टरीनबाई म्हनतात, ‘सीटी स्कॅनचं औषध किडनीला झेपणार नाही. शिरेतून बारीक बुडबुडे सोडू, सोनोग्राफीत रक्त कुठवर पोचतंय ते दिसेल.’ बुडबुडे? रक्तात? आणि निघनार कुठून? ‘श्वासातून, काका.’ मला माजी भीती नव्हती हो… ही दुसऱ्यांदा जाईल, याची होती!

सोडले बुडबुडे! पडदा काळा… काळा… आणि एकदम उजेड शिरला ना आत, पाटाचं पानी आळ्यात शिरतं तसा! डोळ्यासमोर ही उभी… फावडं घेऊन, लुगडं खोचून! मी मोटर बंद करायला निघालो की वरडायची, ‘अवो, शेवटचं झाड ऱ्हायलंय!’ आणि पडद्यावर मधे मधे काळंच! बाई मशीनकडं हात नेतात तर मी वरडलो, ‘बंद करू नका! शेवटचं झाड ऱ्हायलंय!’

‘कसलं झाड?’

‘चिकूचं!’

बाई सिस्टरकडं बघतात, सिस्टर माज्याकडं… ‘काका, आतला भाग सावकाश भरतो. बघा…’ आणि भरला हो! कोपरान् कोपरा भरला! ही हाय! जित्ती हाय! मी तिथंच रडलो. सिस्टर म्हनते, ‘काका, श्वास सोडा आता!’ मघाधरनं धरून ठेवलेला!

रक्तपुरवठा छान, बाई म्हनाल्या, किडनी ठणठणीत. मग बिघडलं काय? तर चष्मा खाली करून, अगदी हिच्या आवाजात, ‘पाणी कमी पिताय. आणि बोंबील खाताय ना?’

आता सांगा, बाईंना कुनी सांगितलं? आतूनच गेली ना चुगली! बायको वारली की मानसाला बोंबील तरी सुखानं खाता येतो म्हनतात… आमची तर आत बसून ताटावर नजर ठेवते! आना तो पान्याचा तांब्या. काय करता… किडनी माजी नाय ना!