बत्तीस बोरची राखण

निवडणूक लागली, तसे लायसनवाले आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायला रांगेत उभे राहिले. बन्सीधर आला होता नव्या लायसनचा कोरा अर्ज घेऊन, पण कान होते पुढच्या तिघांकडं: बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर घेऊन आलेले म्हातारे रंगनाथराव, त्यांच्या सरजाबाई आणि नेमबाज पोरगी अपेक्षा.

"काका, माझं पिस्तूल बावीस बोरचं," अपेक्षा म्हणाली. "धक्का कमी, निशाणा पक्का."

"कागद फोडायला ठीक हाय, पोरी. जिवावर बेतलं की बत्तीसच पायजे."

"किती गोळ्या झाडल्या आजवर?"

"एक बी न्हाई. उगं कशाला वाया घालायच्या?"

"आन् चोर आले तर?"

"आले की मागल्या साली!" सरजाबाईंनी तोंड घातलं. "हे कपाटाची चावीच हुडकायलेत, तवर राणीनं चोर गावाच्या येशीपस्तोर पिटाळले."

"राणी कोण?"

"आमची कुत्री. रिव्हॉल्वर चोरीला जाऊ नये म्हणून पाळलेली."

"मग काकू, घर तर राणीच राखती. रिव्हॉल्वर कशाला?"

"असं कसं? ते नसतं तर ह्यांनी मला कुत्री पाळू दिली असती का?"

बन्सीधरनं अर्जाची घडी घालून खिशात कोंबली.

"मावशी, राणीला पिल्लं हायत का?"