वरून पाणी, खालून अल्कोहोल

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांच्या ताई, ताईंचे यजमान, आणि चहाच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

ताईंचा निरोप समारंभ तुमच्या कंपनीत आणि माइक प्रतिस्पर्ध्याच्या हातात! याला धाडसच म्हणायचं. आपण दोघंही रासायनिक कारखाना बांधण्याआधी तो संगणकावर चालवून दाखवतो, आणि जमेल तेव्हा एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतो. पण पूर्वी आमच्या सॉफ्टवेअरचा एखादा भाग तुमच्यात बसेल तर शपथ! ताईंनी ध्यास घेतला, की दोघांनी पाळायचे सामाईक नियम हवेत. आमचे साहेब त्याला ‘ताईंचं खूळ’ म्हणायचे. खरं सांगू का? तुमचे साहेबही तेच म्हणायचे.

शेवटी एक चाचणी ठरली. ती फसली तर ताईंचं सगळं काम गुंडाळायचं, असं दोन्हीकडच्या साहेबांनी बजावलं होतं. परीक्षक म्हणून एका कारखान्याच्या मुख्य अभियंता बाई आल्या. मिश्रण उकळून वेगळं करणारा आमचा कॉलम तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवला. मिश्रण साधंच, पाणी आणि अल्कोहोल; अल्कोहोल आधी उकळतं, म्हणून ते वर जायला हवं. बटण दाबलं. कॉलमच्या वरून पाणी निघालं आणि खालून अल्कोहोल!

अभियंता बाई शांतपणे म्हणाल्या, असा कॉलम खरंच मिळाला तर मी नोकरी सोडून तो बघत बसेन. झालं! आमची पोरं म्हणाली चूक तुमची, तुमची म्हणाली आमची. ताईंचा चेहरा पडला होता, ते मला बघवेना. पण क्षणभरच. मग त्या दोन्हीकडच्यांना एकच म्हणाल्या,

“भांडू नका. तुमच्या यादीत पहिलं कोण, तेवढं सांगा.”

आम्ही म्हणालो, पाणी. तुम्ही म्हणालात, अल्कोहोल. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी शहाणी, पण एकाचं पहिलं ते दुसऱ्याचं दुसरं! ताई इतक्या हसल्या, की आम्हीही भांडण विसरून हसलो. तिथल्या तिथे नियम ठरला: क्रमावर जायचं नाही, प्रत्येक पदार्थाला त्याच्या नावानं विचारायचं. पुन्हा बटण दाबलं आणि अल्कोहोल गुपचूप वर गेलं. अभियंता बाईंनी होकार दिला, साहेबांचा नाइलाज झाला, आणि खुळाचं मानक झालं.

त्या दिवसांत ताईंचा फोन रोज यायचा. हे बसत नाही, ते अडतंय, तुमची माणसं करतात तरी काय! घरी सौ. विचारायची, ही बाई तुमची शत्रू की बहीण? आज सकाळी आमचा नवा कॉलम तुमच्याकडे बसला. पहिल्या फटक्यात चालला म्हणे. मला एकही फोन आला नाही. ताई, तुम्ही जिंकलात. आनंदानं ऊर भरून आलाय, पण खरं सांगतो, मला करमत नाही.

आपण मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. मान्यवरांच्या उल्लेखात मागेपुढे झालं असेल तर सांभाळून घ्या. क्रमावर जायचं नाही, हे ताईंनीच ठरवलंय.

आणि ताई, उद्या सकाळी फोन करा. काही अडलं नसलं, तरी करा.