देव मानणारी मॅडम

वाशीतल्या समुपदेशन केंद्रात माझ्या शेजारी सगुणाबाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा कुंदन बायकोला आतच सोडून तणतणत बाहेर आला.

“काय बोलली म्याडम? नवरा देव असतो, सांगितलं ना सुनेला?”

“नाय, आये. म्याडमने तिला विचारलं, कुठला देव मानतेस? ती बोलली, गावदेवी.”

“बरोबर! म्हनून तर देव माननारी म्याडम शोधली.”

“मंग बायको बोलली, हा मला मारतो. मी बोललो, साफ खोटं.”

“शाब्बास!”

“म्याडम बोलली, तुमीपन गावदेवी मानता ना? मग देवीच्या पायावर हात ठेवून हेच सांगा.”

“मंग ठेव ना!”

“आये, दर वर्षी पालखी माझ्या खांद्यावर असते. देवीसमोर खोटं कसं बोलू?”

“चल. दुसरी म्याडम बघू. देव न माननारी.”