उतरती माळ

काविळीची माळ कधी पाहिली आहे का तुम्ही? इतवारीत आमच्या शेजारचे गोविंदराव ती बांधून देत. मुळीच्या कांड्या दोऱ्यात गुंफून ती डोक्यावर ठेवायची. लांबत लांबत पायांपर्यंत उतरली की कावीळ उतरली, असा लोकांचा विश्वास. अट एकच, तोवर दवाखाना नाही. कांड्या सुकल्या की गाठी सैल होतात आणि माळ आपोआप लांबते, हे त्यांनीच मला एकदा हसत सांगितले होते.

पुढे त्यांच्याच मुलीचे डोळे पिवळे झाले.

"बाबा, मले दवाखान्यात न्या," ती म्हणाली.

"लोकं काय म्हणतीन? माळ उतरून राहिली नं."

मी म्हणालो, "गाठींचे गुपित तुम्हाला ठाऊक आहे. देवाला तरी भ्या."

"तुम्ही तुमची पूजा करा, गुरुजी."

माळ पायांशी आली, त्याच दिवशी मुलगी गेली.

लोक अजूनही माळ मागायला येतात. गोविंदरावांची पत्नी दारातच प्रत्येकाला सांगते, "दवाखान्यात जा बापा. यायनं माळेपायी माही पोरगी घालवली."

गोविंदराव आत बसून ते रोज ऐकतात. तिला गप्प बस म्हणण्याचा अधिकार त्यांना उरलेला नाही.