तुरटीचं पाणी

वर्ध्यातल्या बायकांच्या दवाखान्यात इला नंबराची वाट पाहत मासिक चाळत होती, पण तिचे कान मागच्या बाकावरच्या सासू-सुनेकडे लागले होते.

"आचल, त्या खालच्या नमुन्याच्या पीसीआर रिपोर्टात काय निघालं वं?"

"आतले चांगले जंतूच कमी झाले म्हणे, आई."

"जंतू कुठं चांगले असतात वं?"

"दह्यातले नसतात काय? तसेच. खालच्या खाजेसाठी तुम्ही सांगितलेल्या तुरटीच्या पाण्यानं धुऊन धुऊन मेले."

"काईतरीच! मी तर तीस वर्षांपासून तेच करून राह्यली."

"मंग गेली काय तुमची खाज?"

मागचा बाक करकरला आणि सासू उठून इलाच्या बाजूनं सिस्टरच्या टेबलाकडे गेली. इलाचं पान उलटायचं राहून गेलं.

"ओ सिस्टर! माह्या वयाच्या बाईचाही नमुना घेता काय जी?"